कुणासाठी हवंय डाळिंब?

दिल्लीतल्या मराठी मंडळाच्या अंकाचं काम बघणाऱ्या मृणालताई घरी आल्या आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही जन्मभर डाळिंब विकलंत. त्याचे फायदे लिहून द्या की. मुद्देसूद. लोकांना आवडतं." नमुना म्हणून त्यांनी मोबाईलवर फिरत आलेली एक यादी छापून आणली होती. डाळिंबानं रक्त वाढतं, हृदय साफ होतं, साखर पळते, केस येतात, बुद्धी येते. मी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली आणि म्हटलं, "ताई, यातलं निम्मं जरी खरं असतं तर आमची अनसा आज तुम्हाला चहा देत असती."

त्यांनी यादी घडी घालून पर्समध्ये टाकली. बाई चांगल्या आहेत, त्यांची चूक नाही. पण असल्या याद्या जो कोण बसून लिहितो, तो माणूस मला एकदा भेटायला हवाय.

तर मी लिहितो, पण माझ्या पद्धतीनं. शाळा चौथीपर्यंत. शुद्धलेखन ताई बघतील, पण माझं बोलणं गोड करायचं नाही, असं त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय. अनसा म्हणजे माझी बायको, अनुसया. तिला जाऊन दीड वर्ष झालं. शेवटच्या वर्षी तिनं डाळिंब मागितलं आणि डाळिंबवाल्या नवऱ्यानं तिला एक दाणा दिला नाही. ते बरोबर केलं की चूक, हा प्रश्न माझ्या डोक्यात घर करून बसलाय. म्हणून लिहितोय. फायदे मधे मधे येतील.

गाव सांगोल्याकडचं. डाळिंबाच्या ट्रकबरोबर दिल्लीला आलो, मंडीत काही वर्षं माल निवडायचं काम केलं आणि मग कोपर्निकस मार्गावर, आपल्या राज्याच्या जुन्या अतिथिगृहापासून थोड्या अंतरावर स्वतःची हातगाडी लावली. झाली माझी कारकीर्द. गिऱ्हाईक म्हणजे तिथं उतरणारे अधिकारी, कारकून, ड्रायव्हर आणि रविवारी मराठी जेवण शोधत येणारी परीक्षावाली पोरंपोरी. बाहेर मी 'अनारवाले भैया', मराठी माणसाला दिसलो की 'काका'.

डाळिंब कसं घ्यायचं, ते आधी सांगून टाकतो. लोक लाल बघतात. साल लाल असते ती वाणामुळं आणि उन्हामुळं, तिचा आतल्या गोडीशी फार संबंध नाही. चेंडूसारखं गोल गरगरीत असेल तर ते अजून भरायचंय. पिकलेल्याच्या कडा वर येतात, बाजू चपट्या होतात, कारण आतून दाणे ढकलत असतात. दिसतं त्यापेक्षा हाताला जड लागलं पाहिजे. तुऱ्यापाशी, म्हणजे वरच्या मुकुटापाशी, सुईएवढं भोक दिसलं तर आत अळी आहे, मग दुकानदार आईची शपथ घेवो. आणि सफरचंदासारखं मधोमध कापू नका. तुऱ्याभोवती गोल टोपी काढा, कडांवरून सालीपुरतीच सुरी फिरवा आणि हातानं उघडा. सुरी दाण्याला लागता कामा नये. मी अर्ध्या मिनिटात एक उघडायचो आणि एक दाणा फुटायचा नाही. दिल्लीत हे बघायला लोक थांबायचे, आणि बघून झालं की शेजारच्या गाडीवरून केळी घेऊन जायचे.

आता गिऱ्हाईकं. एक साहेब होते, मंत्रालयातल्या नोकरीत, आपल्याकडचेच. रोज सकाळी फिरून झाल्यावर एक ग्लास रस. पुढं त्यांच्या हृदयाचं दुखणं निघालं, रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्या. साहेबांनी कुठंतरी वाचलं की डाळिंब हृदयाला चांगलं, आणि एकाचे दोन ग्लास केले. वर संध्याकाळी घरी एक. महिन्याभरानं लाल डोळे करून गाडीवर आले.

"काय घालतोस रे रसात?"

"डाळिंब घालतो साहेब."

"दात घासताना रक्त येतंय माझ्या हिरड्यांतून. रंग मिसळतोस?"

"रंग मिसळला तर थुंकी लाल होईल साहेब, हिरडी कशी फुटेल?"

चार माणसांसमोर मला नाही नाही ते बोलले. मग त्यांच्या डॉक्टरनी विचारलं, गोळ्या सुरू झाल्यावर खाण्यात काय बदललंत? तेव्हा रसाची गोष्ट निघाली. रसामुळंच झालं असं डॉक्टरही छातीवर हात ठेवून म्हणाले नाहीत, पण म्हणाले, काही गोळ्यांशी हा रस जमत नाही, आणि कमीजास्त करायचं तर आधी सांगायचं. रस बंद केला, गोळीचं प्रमाण पुन्हा बघितलं, साहेब ठीक झाले. माझी माफी मागायला मात्र त्यांना वेळ झाला नाही. रक्त पातळ करायची, ब्लडप्रेशरची, कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर रोजचा ग्लास सुरू करण्याआधी डॉक्टरला विचारा. एक वाक्य आहे. ते विचारायला लोकांच्या जिवावर येतं, पण मोबाईलवर अर्धा तास वाचतील.

दुसरी समीना. उदगीरची, कलेक्टर व्हायला दिल्लीत आलेली. हिमोग्लोबिन कमी निघालं म्हणून रोज रस प्यायला यायची. इथं दोष माझा. मीच म्हणालो होतो, "पी बेटा, लाल आहे, रक्त होतं." कुणी सांगितलं होतं मला? कुणीच नाही. आमच्याकडं सगळे म्हणतात. तीन महिने पोरगी पीत राहिली आणि क्लासच्या जिन्यात चक्कर येऊन पडली. डॉक्टर बाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या, डाळी, पालेभाज्या खायला सांगितलं. डाळिंबात लोह अगदीच थोडं असतं म्हणे. त्याच्यातल्या आंबटपणानं भाजीतलं लोह अंगी लागायला मदत होत असेल, पण नुसत्या रसानं रक्त वाढत नाही.

समीना हे सांगायला आली तेव्हा रागावेल असं वाटलं. पण ती म्हणाली, "काका, लाल दिसतं म्हणून रक्त वाढत असतं ना, तर मी रोज लाल बसनं येते, आत्तापर्यंत पैलवान झाले असते." हसली आणि दोन डाळिंबं घेऊन गेली. म्हणाली, आवडतं म्हणून खाते आता. डाळिंब खायला एवढं कारण पुरे आहे, यार. धडधाकट माणसानं वाटीभर दाणे खावेत. पोट साफ राहतं, तोंडाला चव येते, चिवड्या-फरसाणाच्या जागी काहीतरी बरं पोटात जातं. रसापेक्षा दाणे बरे, कारण चोथा त्यात राहतो. साखरवाल्यानं रस टाळावा, दाणेही बेतानं. अगदी लहान मुलाला अख्खे दाणे देऊ नका, घशात अडकतात. सोललेले दाणे फ्रीजमध्ये ठेवा आणि एक-दोन दिवसांत संपवा. आणि सालीचा, मुळीचा काढा करून पिऊ नका. मुळीची साल विषारी असते. झालं. एवढंच आहे. बाकी सगळं यादीवाल्याच्या डोक्यातून आलेलं.

आता अनसाचं.

आम्ही गाझियाबादला दोन खोल्यांत राहत होतो, मी अजून तिथंच आहे. तिला साखर जुनी, ब्लडप्रेशर जुनं. दोन्हींनी मिळून किडन्या घालवल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं, म्हणजे मशीनला लावून रक्त धुवून परत अंगात सोडायचं, चार तास. डॉक्टरनी एक कागद दिला आणि हिंदीत समजावलं की पोटॅशियम म्हणून एक क्षार असतो, किडनी तो बाहेर टाकते, आता टाकू शकत नाही, तो वाढला की हृदय थांबू शकतं. म्हणून फळं बंद. कागदावर केळं, संत्रं, नारळपाणी यांची चित्रं होती. मी सगळी चित्रं नीट बघितली. त्यात डाळिंब नव्हतं.

चित्र असतं तरी मी ऐकलं असतं का, कोण जाणे. आमच्या भागात डाळिंब फळात मोजत नाहीत. फळ म्हणजे केळं, पेरू, सीताफळ, भूक लागली की खायची वस्तू. डाळिंब आजाऱ्याला देतात. तापातून उठलेल्याला डाळिंब, बाळंतिणीला डाळिंब, म्हाताऱ्याला अन्न जात नसेल तर डाळिंब. 'फळं बंद' म्हटल्यावर मी घरातली केळी उचलून शेजारी दिली आणि संध्याकाळी अनसाला मोठी वाटी भरून दाणे दिले. रोज. सकाळी रस. डॉक्टरनी फळं बंद केलीत, मग अशक्तपणा येणार, म्हणून जरा जास्तच.

त्यात बघायला येणारी माणसं. आपल्या लोकांची रीत तुम्हाला माहीत आहे, आजाऱ्याकडं रिकाम्या हातानं जायचं नाही. मानेसरच्या कारखान्यात असलेले आमचे गाववाले आले, अतिथिगृहातला स्टाफ आला, आणि प्रत्येकानं डाळिंबं आणली. कुठून? माझ्याच गाडीवरून. "काका, तुमच्याकडचीच आहेत, चांगली बघून घेतली." मी स्वतः निवडून पिशवीत घालून दिलेली डाळिंबं माझ्याच बायकोच्या उशाशी येऊन पडत होती, आणि मला त्याचं कौतुक वाटत होतं.

एका सोमवारी तिला उठता येईना. पाय उचलेनात, बोलणं जड झालं. रविवार मधे गेल्यानं डायलिसिसला दोन दिवस झाले होते. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिथं धावपळ झाली, सुया, इंजेक्शनं, लगेच मशीनला लावलं. तासाभरानं डॉक्टर बाहेर आले आणि मला हृदयाच्या ठोक्यांचा आलेख दाखवला. मला त्यातलं काय कळणार? म्हणाले, "बाबूजी, दो मिनट और देर होती तो गई थीं. क्या खिलाया?"

मी ताठ मानेनं सांगितलं, "सिर्फ अनार, साहब. और कोई फल नहीं."

त्यांनी चष्मा काढला. "बाबूजी, अनार भी फल है."

मला आजवर शिव्या खूप मिळाल्यात. मंडीत दलाल देतात, रस्त्यावर पोलीस देतात. पण ते वाक्य जसं लागलं तसं दुसरं काही लागलं नाही.

अनसा त्या दिवशी वाचली. आणि मी बदललो. घरातलं सगळं डाळिंब त्याच दिवशी बाहेर काढलं. गाडीवर प्रत्येक गिऱ्हाईकाला विचारायला लागलो, कुणासाठी हवंय? आजाऱ्यासाठी म्हटलं की, कसला आजार? किडनीचा असेल तर देत नाही, जा, डॉक्टरला विचारून या. रोज भांडणं. एक पंजाबी बाई म्हणाली, "भैया, अनार बेच रहे हो या पासपोर्ट बना रहे हो?" एकानं शेजारच्या गाडीवरून घेतली आणि मला दाखवत गेला. जाऊ दे. निदान मी दिली नाहीत.

घरी अनसाशी तेच.

"अहो, चार दाणे."

"एकही नाही."

"जिभेवर नुसते ठेवते. चावत नाही."

"तुझ्या जिभेवर माझा भरवसा नाही."

"गाडीवरच्या माशांना मिळतं हो, मला नाही."

"माशांच्या किडन्या ठीक आहेत."

हसायची आधी. मग रुसायला लागली. मग एके दिवशी म्हणाली, "तुम्ही मॅडमना विचारा तरी, किती चालेल." डायलिसिसच्या ठिकाणी खाण्यापिण्याचं बघणारी एक तरुण मॅडम होती. मी म्हटलं, "विचारायचं काही नाही. बंद म्हणजे बंद." त्यानंतर तिनं विषय काढला नाही. मला वाटलं, पटलं. सोडायला गेलो की मी दारातूनच मॅडमना विचारायचो, "अनार तो नहीं दिया किसी ने?" आणि उत्तर यायच्या आत वळायचो, कारण गाडी लावायची असायची.

थंडीत तिच्या छातीत कफ झाला, न्यूमोनिया. आठ दिवस दवाखान्यात होती आणि गेली. डॉक्टरांना मी दोनदा विचारलं, खाण्यानं झालं का? म्हणाले, नाही, खाण्याचा काही संबंध नाही, तुम्ही तर खूप जपलंत. हे 'जपलंत' मला घरी येऊन टोचायला लागलं. त्या महिन्यात मी गाडी विकून टाकली.

डायलिसिसच्या ठिकाणाहून फोन यायचे, तिचं पांघरूण आणि डबा कपाटात आहे, घेऊन जा. मी टाळत होतो. मागच्या महिन्यात गेलो. पांघरूण घडी केलेलं होतं. डब्यात एक लहान वाटी, चमचा आणि हात पुसायचा पांढरा रुमाल. रुमालावर डाग होते, तपकिरी, काळपट. बघणाऱ्याला चहाचे वाटले असते. पण डाळिंबाचा डाग लाल राहत नाही, धुतला की काळवंडतो आणि मग तो जात नाही. माझे सगळे सदरे तसे आहेत. मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मी तो रुमाल घेऊन सरळ मॅडमच्या टेबलाशी गेलो. आवाज चढलाच असणार, कारण मशीनवरचे पेशंट वळून बघायला लागले.

"ये अनार किसने दिया इसको?"

"मैंने," मॅडम म्हणाल्या. घाबरल्या नाहीत. "बैठिए बाबूजी. अम्माजी ने खुद आकर पूछा था, कितना चल सकता है. मैंने डॉक्टर साहब से पूछा. जिस हफ्ते रिपोर्ट ठीक, उस हफ्ते एक दिन, मशीन के पहले घंटे में दो चम्मच. रिपोर्ट खराब, तो नहीं. सबको नहीं देते हम, घर पर तो बिल्कुल नहीं. उनका नाप के दिया था."

"दो चम्मच."

"दो चम्मच. कभी तीसरा नहीं माँगा."

"मुझे क्यों नहीं बताया?"

"आपने कभी रुककर पूछा?"

  तेवढ्यात पलंगावरून एक बाई बोलली, हाताला नळ्या लावलेली. कमलेश तिचं नाव, गाझियाबादचीच, अनसाच्या शेजारच्या मशीनवर असायची. येता-जाता नमस्ते एवढीच आमची ओळख.

"भाईसाहब, डाँटना है तो मुझे डाँटो. लाती तो मैं थी."

मी तिच्याजवळच्या स्टुलावर बसलो. "कहाँ से लाती थीं?"

"स्टेशन के बाहर से."

"वहाँ का आधा कच्चा होता है."

"खट्टा ही निकलता था," ती म्हणाली. "दो चम्मच में पूरा घंटा लगाती थीं. एक-एक दाना. कहतीं, हमारे इनके हाथ का होता तो मीठा होता."

मला राग आला. खरं सांगतो, रडू नंतर आलं, आधी राग आला. जिचा नवरा दिल्लीतल्या मराठी माणसांना निवडून निवडून डाळिंब देत होता, ती स्टेशनबाहेरचं आंबट, कुणीतरी सुरीनं चिरडलेलं डाळिंब खात होती. मला सांगितलं असतं तर रिपोर्ट मी बघितला असता, मॅडमना विचारलं असतं, गाडीवरचं सगळ्यात भरलेलं फळ बाजूला ठेवलं असतं आणि दोन चमचे दाणे स्वतः सोलून आणून दिले असते. हे सगळं मी कमलेशला बोलून दाखवलं, मोडक्या हिंदीत, जोरजोरात. तिनं ऐकून घेतलं.

"मुझसे क्यों नहीं मँगवाया?" मी शेवटी विचारलं. "मैं इतना गुस्सेवाला हूँ?"

"यही मैंने पूछा था," कमलेश म्हणाली. "बोलीं, गुस्सा नहीं करते, डरते हैं. जिस दिन मैं मरते-मरते बची, उस दिन से मुझे खाना परोसते हुए इनका हाथ काँपता है. दो चम्मच के लिए कौन उनको रोज़ डराए."

मी हातातल्या रुमालाची घडी घातली, उलगडली, परत घातली. वर्षभर तिचं ताट मीच वाढत होतो. मला वाटायचं, तिचं लक्ष जेवणाकडं असतं.